सत्तावीस-चाळीस ते सत्तावीस-ऐंशी

"साडेचारशे," आबा म्हणाले आणि त्यांनी चपाती तव्यावर टाकली. "साडेचारशे रुपयांसाठी तू नव्वद हजाराचं कर्ज काढनार. बघ बाई, तू शिकलेली."

मी परातीसमोर बसून कणकेचे गोळे करत होते. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरावर आमचा कॅम्प होता. तीन तंबू, एक पत्र्याची शेड आणि वरच्या सपाटीवर दिवसभर धडधडणारं ड्रिलिंगचं मशीन. त्या डोंगरातून कालव्याचा बोगदा न्यायचा होता आणि त्याआधी पोटात कसला खडक आहे ते बघायला जागोजागी भोकं पाडायची होती. माझे वडील, केरबा मगदूम, त्या कॅम्पचे आचारी. बावीस वर्षं ते असेच एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर भांडी घेऊन हिंडत होते. मी त्यांची थोरली, वैजयंता. बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलं होतं, शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मे महिन्यापुरती त्याच कॅम्पवर कामाला आले होते. साल एकोणीसशे नव्याण्णव.

साडेचारशेचा हिशेब असा. बिहारात, खाणींच्या मुलखात, एका संस्थेत मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांची फी, हॉस्टेल, जेवण आणि डोंगरदऱ्यांतल्या सहली धरून खर्च नव्वद हजार. आमच्या गावची, कवठ्याची बँक तेवढं कर्ज द्यायला तयार होती. नोकरी लागली की महिन्याला दोन हजार पन्नास रुपये हप्ता, पाच वर्षं. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पुण्याचे पेठे साहेब. ते या कामाचे भूवैज्ञानिक, दर शनिवारी जीपने यायचे. त्यांनी मला त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात एक जूनपासून नोकरी देऊ केली होती. पगार तीन हजार आठशे, दोन वर्षांत साडेचार हजार होईल म्हणाले होते.

"एम.एस्सी. झालीस की किती देत्यात?" आबांनी विचारलं.

"सात हजार तरी."

"त्यातनं बँकेचं गेलं दोन हजार पन्नास. ऱ्हायलं चार हजार नऊशे पन्नास. आनी हितंच चिकटलीस तर तवर साडेचार झालेलं असत्यात. फरक किती?"

"साडेचारशे."

"आनी दोन वर्सांचा पगार बुडला तो येगळाच." त्यांनी चपाती उलटली. आबा चौथी शिकलेले, पण सोळा माणसांच्या मेसचा हिशेब ते तोंडी करायचे आणि एका पैशाने चुकायचे नाहीत. मी पदवीची परीक्षा दिलेली, मी कागदावर करायचे आणि तरी उत्तर तेच यायचं. चार दिवस मी तो हिशेब उलटासुलटा करून बघत होते.

"पण पाच वर्षांनी हप्ता संपला की सगळा पगार माझाच की, आबा."

"पावसाळ्यात मशीन बंद असतंय. जून ते सप्टेंबर तुमच्या सायबांना कोन विचारतंय? बँक काय म्हनती, पाऊस हाय, ऱ्हाऊ दे म्हैनाभर?" आणि मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "माझ्या वहीत पाच एम.एस्सी. हायत. पाची जन मेसचं पैसं थकवून गेलेलं. जोगळेकर सायेब, सहाशे चाळीस. मुळीक सायेब, अकराशे. त्यो बंगाली, दत्ता का कोन, त्यो तर नऊशे सत्तर. कर्जाचं हप्तं भरून हातात काय ऱ्हाईना म्हनून आचाऱ्याचं बुडवायचं. मी काय ऐकीव सांगत न्हाई, मी वाढलंय त्यास्नी."

ती वही मी पाहिली होती. लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. उजव्या पानांवर नावं आणि पुढे आकडे. मी पुढचा गोळा करायला घेतला.

बँकेच्या अर्जावर पालकाची सही लागत होती. अर्ज माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी होता आणि सोमवारी शेवटची तारीख होती. तो दिवस गुरुवार होता. आबांनी सही केली तर मी रविवारी कवठ्याला निघणार, नाही केली तर एक जूनला पुण्याला. इतकं सोपं होतं ते, आणि मला त्यापायी जेवण जात नव्हतं.

कॅम्पवर माझं काम सांगते. मशीन जमिनीत पोकळ नळी घालतं आणि खडकाचा गाभा उसाच्या कांड्यांसारखा तुकड्या-तुकड्यांनी वर येतो. त्या कांड्या लाकडी पेटीतल्या पन्हळींत, म्हणजे लांब खाचांत, वरपासून खालपर्यंत ओळीने लावायच्या. एका पेटीत पाच मीटर. मग प्रत्येक कांडी बघून कागदावर लिहायचं, इतक्या खोलीवर काळा पाषाण, इतक्यावर भेगा. त्या कागदाला लॉग म्हणतात.

पहिल्याच दिवशी मी त्या कांड्या लावताना मोठी व्यवस्थित वागले. मध्ये जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे कांड्या सरकवून एकमेकींना भिडवल्या. पेटी अशी छान दिसायला लागली की मी स्वतःवरच खूश झाले. दस्तगीर मिस्त्री वरून उतरत होते, ते पाहून तिथेच थांबले. मिरजेचे दस्तगीर मिस्त्री म्हणजे मशीनचे मालक नव्हेत, पण मशीन त्यांचंच ऐकायचं. साठीचा माणूस, कानाला रुमाल बांधलेला.

"पोरी, हे काय केलंस?"

"नीट लावलं."

"मधला खडक कुठं गेला?"

"तो वर आलाच नाही ना."

"आला न्हाई म्हंजे नव्हता काय? मऊ हुता, पान्याबरोबर वाहून गेला. तू सरकवून भिडवलंस, आता खालचा समदा खडक हातभर वर चढला. सायेब म्हनतील, डोंगर अखंड हाय." ते खाली बसले आणि एक-एक कांडी परत सरकवू लागले. मग खिशातून लाकडाचा एक तुकडा काढून त्यांनी त्या रिकाम्या जागेत बसवला. "जे गावलं न्हाई त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा गुटका ठेवायचा. वर लिव्हायचं, हितनं हितपतूर गेलेलं हाय. गेलेलं बी मोजावं लागतंय."

तेव्हापासून मी गुटके जपत होते. म्हणजे गुरुवारपर्यंत जपत होते.

चार दिवस मी लॉग लिहिलाच नव्हता. चार नंबरचं भोक त्या आठवड्यात पंचेचाळीस मीटर पूर्ण झालं होतं, नऊ पेट्या भरल्या होत्या आणि मी लॉगच्या कोऱ्या कागदांच्या पाठीवर दोन हजार पन्नासला साठने गुणत बसले होते. रोजचा रिपोर्ट संध्याकाळी दुधाच्या गाडीबरोबर पाटणला जायचा, पण त्यात आज किती मीटर झालं एवढंच असायचं. कुठे किती खडक गेला ते फक्त गुटक्यांवर, मिस्त्रींच्या खडूने लिहिलेलं. तो खडू पुसट होत चालला होता. म्हणून गुरुवारी दुपारी मी शहाणपणा केला. रंगाने नीट लिहावं म्हणून नऊच्या नऊ पेट्यांतले गुटके एकदम काढले आणि गोणपाटावर वाळत ठेवून पुन्हा गुणाकाराकडे वळले. संध्याकाळी वारं सुटलं, तशी माणसांनी पेट्या तिरक्या धरून शेडमध्ये नेल्या. आतल्या कांड्या सरकून एकमेकींना भिडल्या. गुटके बाहेरच राहिले.

शुक्रवारी सकाळी मी चहाला गेले, तर चूल झकास पेटली होती.

"रॉकेल संपलं," आबा म्हणाले. "लाकडं वली. शेडजवळ चांगल्या वाळक्या ढलप्या पडल्या हुत्या, त्या घातल्या. काय पेटल्यात बघ."

मी चुलीत वाकून बघितलं. एका तुकड्यावर अजून खडूचा एक वाकडा सात दिसत होता. बघता बघता तोही गेला.

"आबा, त्या ढलप्या नव्हत्या."

"मग काय हुतं?"

मी सांगितलं. आबांनी चिमट्याने निखारे उकरून पाहिले, पण त्यात आता मोजण्यासारखं काही नव्हतं. नंतर एवढंच विचारलं, "सायेब उद्या येनार न्हवं?"

"उद्याच."

उद्याच येणार होते आणि चार नंबरचा लॉग मागणार होते. लॉग नसला तर भोक पुन्हा पाडावं लागणार, म्हणजे मिस्त्री आणि त्यांच्या माणसांची आठवड्याची मजुरी पाण्यात. आणि गुटके एकदम काढणाऱ्या मुलीला पुण्याच्या ऑफिसात कोण ठेवून घेणार? एम.एस्सी. तर राहिलीच, तीन हजार आठशेही हातचे चालले होते. मी शेडच्या दारात बसून रडले. लाजायचं कशाला, चांगली हुंदके देऊन रडले.

मिस्त्री आले. आधी त्यांनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रडून झालं की मीटरटेप आन," म्हणाले.

त्या दिवशी मशीन बंद ठेवलं. नऊ पेट्या उन्हात मांडल्या. मी एक-एक कांडी उचलून तिचं तुटलेलं टोक शेजारच्या कांडीच्या टोकाला लावून बघायचे. मोडलेल्या बशीचे तुकडे जुळतात तशी ती टोकं जुळायची. जुळली तर मध्ये काही गेलेलं नाही. दुपारपर्यंत माझी बोटं सोलवटली, पण सगळ्या नऊ पेट्यांत न जुळणारी टोकं तीनच ठिकाणी निघाली. सगळ्या कांड्यांची लांबी मोजली, ती भरली त्रेचाळीस मीटर पंच्याऐंशी.

"पंचेचाळीसातनं गेलं त्रेचाळीस पंच्याऐंशी," चुलीजवळून आबांचा आवाज आला. "एक मीटर पंधरा कमी हाय."

म्हणजे ते ऐकत होते. मी मान वर केली नाही.

पहिल्या दोन जागा मिस्त्रींना चटकन आठवल्या, कारण दोन्ही वेळा नळी अडकली होती. एक तीस सेंटिमीटरची, एक पंचेचाळीसची. तिसरी राहिली. तिथे वरच्या कांडीच्या बुडाला लाल माती चिकटलेली होती. दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये लाल मातीचा थर, सगळ्यात मऊ आणि म्हणून सगळ्यात महत्त्वाचा.

"पानी लाल आलं हुतं, ते याद हाय," मिस्त्री म्हणाले. "पन सातव्या रॉडला का दहाव्या? सोमवारी, का बुधवारी?" त्यांनी डोळे मिटले. "खुदा जाने."

तीन-तीन मीटरचे रॉड एकाला एक जोडत नळी खाली उतरवायची. सातवा आणि दहावा यांत नऊ मीटरांचा फरक. न जुळणारी कांडी सहाव्या पेटीत होती, पण पेट्या भरताना एक पन्हळ इकडची तिकडे झाली नव्हती याची आता खात्री कोण देणार?

"बुधवारी," आबा म्हणाले. कधी आले कोण जाणे, हाताला पीठ तसंच होतं.

"तुला काय ठावं?"

"तुमी जेवायला आला तवा समद्यांचं हात लाल. पांढऱ्या टॉवेलला पुसलं. मी शिव्या घातल्या."

"घातल्यास. पन त्या तू रोज घालतोस."

"ताटात मटकी हुती. मटकी मी रयवारी रातच्याला भिजत घातली, सोमवारी बांधली, मंगळवारी मोड धरंना, म्हनून बुधवारी केली. सोमवारी वांगं हुतं. आनी बुधवारी तुमी उशिरा आला, दीड वाजता. उसळ दोनदा तापवली."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "बरोबर. दीड वाजता. दहावा रॉड नुकता लावला हुता. दोन वीत गेला आनी पानी लाल झालं. आनी दोन वीत लाल, मग खटकन कडक लागला, तवा मशीन बंद करून जेवायला उतरलो." त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या वितीला टेप लावला. वीस सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. नऊ रॉडांचे सत्तावीस मीटर, वर दोन विती. सत्तावीस-चाळीस ते सत्तावीस-ऐंशी.

"तीस, पंचेचाळीस आनी चाळीस," आबांनी बेरीज केली. "एक मीटर पंधरा. मिळाला हिशेब."

मला आजही वाटतं, आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला. आम्ही तिघं त्या पेटीभोवती उकिडवे बसलो होतो, एकाच्या हाताला ग्रीस, एकाच्या हाताला पीठ, माझ्या बोटांना रक्त. आबा सहाव्या पेटीतली कांडी उचलून उन्हात धरून बघत होते. बावीस वर्षं त्यांनी खडक पाडणाऱ्यांना जेवायला घातलं होतं, पण खडक हातात घेऊन असा पहिल्यांदाच पाहिला.

"हे लाल कशानं झालं गं?"

"एकदा लाव्हा आला, थंड झाला. मग हजारो वर्षं त्याच्यावर ऊनपाऊस पडला, त्याची माती झाली. मग दुसरा लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून निघाली."

"भाजून निघाली," ते म्हणाले, आणि ती कांडी त्यांनी अगदी अलगद जागेवर ठेवली.

गुटके करायला लाकूड मात्र नव्हतं. होतं ते त्यांनीच सकाळी जाळलं होतं. एका खोक्याची फळी तोडून मिस्त्रींनी दोन गुटके काढले, तिसऱ्याला फळी पुरेना. आबा उठून तंबूत गेले आणि त्यांचं लाटणं घेऊन आले. शिसवाचं, हातभर लांब, सोळा माणसांच्या चपात्या लाटायचं. बावीस वर्षांत मधोमध झिजून बारीक झालेलं.

"आबा, नको."

"टेप लाव."

दोन्ही टोकांच्या मुठी करवतीने कापल्या तेव्हा ते बरोबर चाळीस सेंटिमीटर उरलं. पन्हळीत ठेवलं तर असं चपखल बसलं, की जणू तिथूनच निघालं होतं. मिस्त्रींनी त्याच्यावर खडूने आकडे लिहिले आणि मी वरून रंग फिरवला. त्या संध्याकाळी आबांनी काचेच्या बाटलीने चपात्या लाटल्या. एकही गोल झाली नाही.

शनिवारी अकरा वाजता पेठे साहेब आले. माझा लॉग घेऊन ते पेटीमागून पेटी बघत गेले. सहाव्या पेटीपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"गुटका आहे, साहेब."

"हे लाटणं आहे."

मग सगळं सांगावंच लागलं, चुलीपासून मटकीपर्यंत. मला वाटलं, आता संपलं. साहेबांनी चष्मा काढला, लाल लागलेली कांडी भिंगाखाली धरली, खालच्या कांडीचा माथा बघितला, माझी मापं स्वतः टेप लावून तपासली. अर्धा तास गेला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बोगद्याचा माथा नेमका इथूनच जातो. हा थर हुकला असता तर उद्या आतल्या माणसांच्या डोक्यावर आला असता." मग माझ्याकडे वळले. "एक तारखेला ये पुण्याला. सुरुवातीलाच चार हजार देतो. लॉग तू लिहीत जा, सही मी करीन."

आबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. "सही तुमची, सायेब?"

"नियमच आहे, केरबा. सहीला एम.एस्सी. लागतं."

"आनी दहा वर्सांनी?"

"दहा वर्षांनीही लागेलच."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. नियम होता तो त्यांनी सांगितला. लॉगचे पाच कागद त्यांनी पेटीच्या झाकणावर ठेवले आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, माझ्या अक्षराखाली, आपली सही केली. पाच सह्या व्हायला फार तर अर्धं मिनिट लागलं. आबा त्या पेनाकडे बघत होते. चहा तसाच निवत होता.

जीप गेल्यावर मी भांडी घासायला बसले. आबा लाल वही घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. उजव्या पानावर जोगळेकर, सहाशे चाळीस. मी म्हटलं, "पाहिलंय मी, आबा."

"डावं पान बघ."

डाव्या पानावर, उलट्या बाजूने, बारीक अक्षरांत: जोगळेकर साहेब, मनीऑर्डर आली, सहाशे नव्वद, पन्नास जास्त. मी पान उलटलं. मुळीक साहेब, अकराशे, स्वतः कॅम्पवर येऊन. दत्ता साहेब, नऊशे सत्तर, शिवाय माझ्या आईला साडी. पाचही नावं होती आणि पाचही फिटली होती. कुणाला एक वर्ष लागलं होतं, कुणाला तीन.

"तुला मी उजवीच पानं दावली," आबा म्हणाले.

"का?"

ते माझ्यासमोर राखेपाशी बसले. "पैशाचं न्हवतं गं ते. तू चालाय लागलीस तवा मी भंडारदऱ्याकडं हुतो. तुझी आई सांगायची पत्रात, आज चार पावलं टाकली. दहावीला पैली आलीस तवा मी तिलारीला. मला पेढा मिळाला तवा त्यो वाळला हुता. बावीस वर्सं मी ह्या लोकांत हाय. सायेब असू द्या न्हाईतर आचारी, ह्या धंद्यात मानूस घरला नसतंय. म्हटलं, पुन्यात हापिसात बसलीस तर शनवार-रयवार तरी घरला येशील. मला तेवढं पायजे हुतं."

माझ्या हातात राखेचा चोथा होता. तो खाली ठेवायचंही मला सुचेना.

"आन त्यो कागूद," ते म्हणाले.

मी ट्रंकेतून अर्ज आणला. त्यांनी हात दोनदा धुतले, टॉवेलला पुसले. तोच टॉवेल, लाल डाग अजून होते. मग पालकाच्या सहीच्या जागी एक-एक अक्षर ठेवत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याला मात्र अर्ध्या मिनिटाहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

"साडेचारशे तर साडेचारशे," म्हणाले आणि भाजी चिरायला गेले.

आता खरं सांगायचं तर आबांचाच हिशेब बरोबर ठरला. एम.एस्सी. होऊन निघाले तेव्हा बाजार थंड होता, सात हजार कुणी देईना, साडेसहावर लागले. पावसाळ्यात पगार नाही म्हणजे नाही. हप्ते चुकले, पाच वर्षांची सात झाली. पुण्यात राहिले असते तर पहिली तीन-चार वर्षं माझ्याकडे जास्त पैसे असते, हे मी मला विचारायला येणाऱ्या कुणाही विद्यार्थ्यापासून लपवून ठेवत नाही. एका कॅम्पवर माझंही नाव आचाऱ्याच्या वहीत चढलं, आठशे वीस. पुढच्या वर्षी मनीऑर्डर केली, पन्नास जास्त घालून. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी आबांना फोन केला. "फिटलं?" त्यांनी विचारलं. "फिटलं," मी म्हटलं. "आनी घरला कधी येतीस?" शनिवार-रविवार मी कधीच घरी नसायचे. ते गेले तेव्हाही मी छत्तीसगडच्या जंगलात एका भोकापाशी होते आणि पोचायला दोन दिवस लागले.

मागच्या वर्षी तो बोगदा रुंद करायचं निघालं. काम माझ्याकडे आलं. जुने खडक पुन्हा तपासायचे म्हणून कराडजवळच्या गोदामात गेले. धुळीने भरलेल्या शेकडो पेट्या. रणवरे नावाचा तरुण इंजिनियर एक-एक काढून देत होता. चार नंबरच्या भोकाची सहावी पेटी त्याने उघडली आणि तो हसला.

"मॅडम, कुणाचं तरी लाटणं पडलंय यात. टाकून देऊ?"

रंग पुष्कळ उडाला होता, पण आकडे वाचता येत होते. मी ते उचललं. मधोमध झिजलेलं, मुठी कापलेल्या. नाकाशी नेलं, धुळीशिवाय कशाचाही वास आला नाही. घरी न्यावं असं फार वाटलं. बावीस वर्षांच्या चपात्या होत्या त्यात, आणि माझ्याकडे आबांची दुसरी वस्तू म्हणावी अशी काही नाही.

पण ते काढलं तर कांड्या सरकतात.

"असू दे तिथंच," मी म्हटलं आणि ते पन्हळीत परत बसवलं. "तिथलं गेलेलं आहे."

मग मी नव्या लॉगचा कागद घेतला. सत्तावीस-चाळीस ते सत्तावीस-ऐंशी, लाल मातीचा थर, हाती आला नाही. पान भरलं तेव्हा तळाशी सही केली. इतर ठिकाणी मी नुसती आद्याक्षरं घालते. त्या कागदावर पूर्ण नाव लिहिलं, एक-एक अक्षर ठेवत, वैजयंता केरबा मगदूम.